कडेवरचे मूल आणि अंगणवाडीचा उंबरठा

(रामवाडी, पेण येथे पालक, अंगणवाडी सेविका व प्राथमिक शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रामवाडीच्या एस.टी. स्थानकावर सकाळच्या वेळी जो कोणी रोज उभा राहतो त्याला एक दृश्य केव्हा ना केव्हा दिसतेच. अलिबागच्या किंवा पनवेलच्या गाडीची वाट पाहणारी एक बाई आणि तिच्या कडेवर चार-पाच वर्षांचे मूल. मुलाचे पाय ताठ, मान एका बाजूला कललेली, लाळ गळते म्हणून गळ्याशी रुमाल बांधलेला. शेजारच्या बाकावरून प्रश्न येतो, "केवढा गं हा?" वय सांगितले की दुसरा येतो, "आणि अजून कडेवर?" तिसरा प्रश्न तोंडाने विचारला जात नाही, तो नजरेत असतो. चौथा मात्र अगदी कळवळ्याने विचारला जातो, "डॉक्टरला दाखवलंस की नाही?" जणू ती बाई पहाटे उठून, भाकऱ्या थापून, पोराला काखोटीला मारून हौसेने प्रवासाला निघाली आहे!

हे सगळे प्रश्न आईला विचारलेले असतात. ज्याच्याविषयी ते आहेत त्याला कोणी काही विचारत नाही. तो चार वर्षांचा आहे, त्याला ऐकू येते, कदाचित सगळे समजतेही. पण त्याचे उत्तर यायला वेळ लागेल, आणि आले तरी ते पहिल्या खेपेस कळणार नाही, म्हणून त्याला वगळून बोलणे चालते. ज्यांना बोलायला आणि चालायला त्रास होतो अशा लहान मुलांच्या 'सामाजिक स्वीकारा'चा प्रश्न असा बाकावर सुरू होतो. तो दयेच्या अभावाचा प्रश्न नाही. दया बाकावर भरपूर असते. त्या मुलाशी बोलावे, हे मात्र कोणाला सुचत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण बाकीचे अनेक गैरसमज त्याच्या आधाराने उभे आहेत. जीभ हाही एक स्नायू आहे. ओठ, टाळू, जबडा, श्वास रोखून धरणारी छाती या सगळ्यांनी एकमेकांशी अचूक मेळ घातला तेव्हा 'आई' हा दोन स्वरांचा साधा शब्द उमटतो. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले, जन्मताना त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, पहिल्या आठवड्यातली कावीळ वेळीच उतरली नाही किंवा मेंदूज्वर झाला, तर हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा होऊ शकते. यालाच मेंदूचा पक्षाघात, सेरेब्रल पाल्सी म्हणतात. त्या इजेमुळे जसे पाय ताठरतात तशीच जीभही ताठरते. पाय लुळा पडला म्हणून कोणी माणसाला बुद्धिहीन म्हणत नाही. परंतु जीभ वळत नाही असे दिसले की तो निष्कर्ष तत्काळ काढला जातो. काही मुलांच्या बाबतीत बुद्धीची वाढही मंद असते हे खरे आहे. पण ती मंद आहे की नाही हे बोलण्यावरून ठरवता येत नाही, आणि आपल्याकडे ते नेमके बोलण्यावरूनच ठरवले जाते.

ज्यांना उदाहरण हवे असेल त्यांनी मालिनी चिब यांचे चरित्र पाहावे. १९६६ साली जन्मलेल्या या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, असेच तेव्हाचे वैद्यकीय मत पडले. तिची आई मिठू अलूर यांनी ते मानले नाही. १९७२ साली त्यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि अशा मुलांसाठी शाळा काढली. मालिनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे बोलणे अनोळखी माणसाला अजूनही सहज कळत नाही.

हे उदाहरण सांगताना मात्र थांबून विचार केला पाहिजे. मालिनी चिब यांच्या पाठीशी इंग्रजी भाषा होती, मुंबई होती, परदेशी जाण्याची ऐपत होती आणि असामान्य जिद्दीची, शिकलेली आई होती. पेण तालुक्यातल्या एखाद्या खारपट्टीच्या गावात त्याच वर्षी तशीच इजा घेऊन जन्मलेली मुलगी काय झाली असेल? ती पडवीत बाजल्यावर राहिली असेल. यशोगाथा ऐकून सभेचे डोळे पाणावतात, टाळ्या पडतात आणि ती पडवी तशीच राहते. म्हणून असामान्य आईवर अवलंबून नसलेली व्यवस्था कोणती, हा या व्याख्यानाचा खरा विषय आहे.

आता थोडे आकड्यांकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सहा वर्षांपर्यंतच्या अपंग बालकांची संख्या सुमारे २०.४२ लाख, म्हणजे त्या वयोगटाच्या १.२४ टक्के होती. २०१८ साली देशातील पाच ठिकाणच्या घरोघर पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक ठिकाण उत्तर गोवा, म्हणजे आपल्याच कोकणपट्टीचे पुढचे टोक होते. त्या पाहणीत दोन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी ९.२ टक्के मुलांत वाढीशी संबंधित कोणती ना कोणती अडचण आढळली. त्यात सेरेब्रल पाल्सीसारखे हालचालींचे विकार होते, वाचा व भाषेचे होते, तसेच ऐकणे, दिसणे, अपस्मार, स्वमग्नता आणि बौद्धिक वाढ यांचेही होते. ठिकाणाठिकाणांत फरक मोठा होता, व्याख्या वेगळ्या होत्या आणि वयोगटही तंतोतंत एक नव्हता. तेव्हा दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे शास्त्राला धरून होणार नाही. तरीही १.२४ आणि ९.२ यांतील अंतर केवळ व्याख्येने भरून निघणारे नाही. जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून "घरात कोणी अपंग आहे का?" असे विचारतो तेव्हा तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाची आजी सांगते, "नाही हो, याचा बापही उशिराच बोलला." ही लबाडी नसते. ती आशा असते. पण या आशेची किंमत फार मोठी असते, कारण मेंदूची वळण घेण्याची शक्ती पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत अधिक असते. चार महिन्यांपर्यंत मान न धरणारे, वर्षाच्या आत न बसणारे, दीड वर्षापर्यंत न चालणारे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणारे मूल तपासून घेतले पाहिजे. तपासणीत काहीच निघाले नाही तर एक खेप वाया गेली एवढेच. उलट बापाच्या नावावर भरवसा ठेवून दोन वर्षे घालवली तर ती परत मिळत नाहीत.

आजीने दाराशी 'नाही' का म्हटले, याला आणखीही कारण आहे. 'हो' म्हटल्यास दोष कोणावर येणार, हे त्या घरातील सून जाणते. गरोदरपणी ग्रहणात विळीला हात लावला, अमावास्येला वेशीबाहेर गेली, माहेरच्या कुळात काही असेल, मागच्या जन्मीचे काही राहिले असेल. ही यादी गावागणिक बदलते, पण तिचा शेवट नेहमी बाईवर होतो. कीर्तनात आपण शतकानुशतके ऐकत आलो की भगवंताच्या कृपेने मुका बोलू लागतो आणि पांगळा डोंगर चढून जातो. एकनाथांच्या भारुडांतही मुका, बहिरा, पांगळा आहेत; पण ते रूपके म्हणून आहेत. संतांचा हेतू वेगळा होता हे मान्य. तथापि ज्या परंपरेत मुका एकतर बरा होण्यासाठी येतो किंवा दृष्टान्त होण्यासाठी, त्या परंपरेत जो मुका बराही होत नाही आणि दृष्टान्तही होत नाही, ज्याला फक्त दुपारी भूक लागते आणि इतर पोरांबरोबर खेळायचे असते, त्याच्यासाठी जागा कोठे आहे, हे विचारले पाहिजे.

(ज्या पेणच्या गणेशमूर्ती देशोदेशी जातात, जेथील कारखान्यांत वर्षभर हत्तीचे मस्तक आणि मोडका दात माणसाच्या धडावर प्रेमाने बसवला जातो, त्या गावाला वेगळ्या शरीराचे कौतुक कोणी शिकवायला नको, असे एखादा म्हणेल. म्हणायला ठीक आहे. पण देव वर्षातून एकदा येतो आणि विसर्जित होतो; मूल रोज सकाळी उठते.)

हा प्रश्न बहुधा मनोवृत्तीचा म्हणून मांडला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र त्याचा जमाखर्चही मांडला पाहिजे. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूच्या एखाद्या मूर्तिकामगाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. नवरा साच्यातून मूर्ती काढतो, बायको रंगकाम करते. मार्च-एप्रिलपासून पुढे हंगाम चढत जातो आणि आषाढ-श्रावणात रात्रीही दिवे जळतात. या घरात सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आहे. भौतिकोपचार आठवड्यातून दोनदा, वाचा-उपचार एकदा हवा. जिल्हा रुग्णालय अलिबागला. एस.टी.त अपंगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून बाईलाही अर्धेच तिकीट पडते. म्हणजे तिकीट स्वस्त झाले. दिवस मात्र स्वस्त झाला नाही. तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी, आणि हंगामात ठेकेदार नागा करणाऱ्या बाईला पुन्हा बोलावत नाही. पहिल्या महिन्यात ती तीनदा जाते, दुसऱ्यात दोनदा, चौथ्या महिन्यात जात नाही. मग कागदावर शेरा पडतो : 'पालक उदासीन'.

अमर्त्य सेन यांनी हा हिशेब सिद्धान्तरूपाने मांडला आहे. अपंगत्वामुळे माणसाची कमाई घटते हे सर्वांना दिसते. परंतु तीच कमाई चांगल्या जगण्यात रूपांतरित करताना अपंगाला अधिक खर्च येतो, ही दुसरी अडचण आकडेवारीत दिसत नाही. त्यांच्या परंपरेतील अभ्यासक वीबके कुक्लिस यांनी ब्रिटनच्या आकडेवारीवरून दाखवले की एकूण लोकसंख्येत १७.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत होते. अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण २३.१ टक्के होते. आणि अपंगत्वामुळे लागणारा जादा खर्च हिशेबात धरला तर ते ४७.४ टक्क्यांवर गेले. जेथे सार्वजनिक आरोग्यसेवा मोफत आहे अशा देशाचा हा हिशेब आहे. आपल्याकडे त्या जादा खर्चाचा फार मोठा भाग पैशांत मोजलाच जात नाही, कारण तो आईच्या श्रमांनी भरला जातो. तिने सोडलेले काम, तिची न झालेली झोप, पाठीचे दुखणे, दुसऱ्या मुलीला शाळेतून काढून घरी बसवणे या नोंदी कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या खातेवहीत नाहीत. 'कुटुंबाने आपल्या मुलाला स्वीकारले पाहिजे' असे व्यासपीठावरून सांगणे फार सोपे आहे. कुटुंबाने तर स्वीकारलेच आहे. त्याची किंमत एकट्याने मोजावी लागते, हे त्याचे दुःख आहे.

कातकरी कुटुंबांच्या वाट्याला याहून बिकट स्थिती येते. दिवाळीनंतर उचल घेऊन ते वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. सरकारच्या सर्व योजना असे गृहीत धरतात की मूल एका ठिकाणी राहते. त्याचे नाव ज्या अंगणवाडीत आहे तेथे ते नसते. जेथे ते असते तेथे त्याचे नाव नसते.

आता शासन काय करते, याकडे न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे. काहीच करत नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकाने प्रत्येक अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा तपासावीत आणि वाढीत अडचण आढळलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील केंद्रात पाठवावे, अशी रचना आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली चालणाऱ्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि वाचा व भाषेच्या दोषाचा त्यांत स्वतंत्र उल्लेख झाला. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते जाहीर केले. शब्दही अनेकदा बदलले : मतिमंद, गतिमंद, विशेष, दिव्यांग. शब्द बदलावेत, शिवीसारखे वापरलेले शब्द टाकून दिलेच पाहिजेत. फक्त पाटी बदलल्याने दाराची रुंदी वाढत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

पण या कायद्यांत एक मोठे खिंडार आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. २०१६ च्या कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा वर्षांचा, आणि तोही ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाचा. म्हणजे ज्या वयात उपचाराचा आणि सहवासाचा सर्वाधिक उपयोग होतो, त्या वयात मुलाला शिक्षणाचा न्यायालयात मागता येईल असा हक्क जवळजवळ नाही. सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपनाचे कलम राज्यघटनेत आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. मेंदू मात्र संसदेची वाट पाहत नाही.

या खिंडारात उभी असलेली एकमेव सार्वजनिक संस्था म्हणजे अंगणवाडी. तिचा जन्म कसा झाला हे आज विसरले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ती का येत नाहीत याबद्दल त्यांनी पालकांना व्याख्यान दिले नाही. बालवाडी उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांना आढळले की वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत नसतात. तेव्हा शाळा कुरणात गेली. कुरणशाळा हा शब्द तेथला. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेची घडण बदलायची, हा विचार या मातीत असा प्रत्यक्ष व्यवहारातून आला. सर्वसमावेशक शिक्षणाचे जाहीरनामे जगभरात लिहिले जाण्यापूर्वी कित्येक दशके तो येथे अमलात आला होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु अंगणाकडे जाण्याची ती दिशा मात्र मागे राहिली. अंगणवाडी पुन्हा एक खोली झाली, आणि जो खोलीपर्यंत चालत येऊ शकत नाही तो तिच्या बाहेर राहिला.

२८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. सेविकेने वाढीतील अडचणी लवकर ओळखाव्यात, अशा मुलांना अंगणवाडीत सामावून घ्यावे, कुटुंबाला साह्य करावे, असा तिचा आशय आहे. आशय निःसंशय चांगला आहे. पण त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच, ४ डिसेंबर २०२३ पासून, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस मानधनवाढीसाठी आणि ग्रॅच्युइटी-पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेल्या आणि तो संप जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चालला. या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या बाईला देश वाढीच्या तज्ज्ञाचे काम सोपवतो, तिला तो कामगार म्हणून मान्य करायला तयार नाही; ती 'मानसेवी' आहे, तिचे वेतन वेतन नसून मानधन आहे! तिला ग्रॅच्युइटीचा अधिकार आहे हेसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २५ एप्रिल २०२२ रोजी सांगावे लागले. अपंग मुलाच्या स्वीकाराचा प्रश्न आणि अंगणवाडी सेविकेच्या वेतनाचा प्रश्न हे वेगवेगळ्या मोर्चांचे विषय नाहीत. ती संपावर असते तेव्हा सर्वांत आधी घरी परततो तो कडेवरचा मुलगा.

सेविका काय काय करू शकते, हे जर कोणी विचारले तर पोलिओचे स्मरण द्यावे. १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमांत पाच वर्षांखालील मूल घरोघर जाऊन, बोटावर शाई लावून मोजले गेले. स्थानकावर, गाडीत, वीटभट्टीवर, लग्नघरी गाठले गेले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक विषाणूजन्य रुग्ण आढळला नाही आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या शासनाला प्रत्येक मूल दोन थेंबांसाठी सापडले, त्याच शासनाला तेच मूल आधारखुर्चीसाठी आणि वाचा-उपचारासाठी सापडत नाही, हे पटण्यासारखे नाही. थेंब स्वस्त होते आणि एकदा पाजून दाराबाहेर पडता येत होते, हे खरे कारण आहे.

पेणमध्ये सुहित जीवन ट्रस्ट, आई डे केअर यांसारख्या संस्थांनी विशेष मुलांसाठी काम उभे केले आहे, आणि मुंबईत तर जय वकील शाळा १९४४ पासून आहे. एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी घरापासून सुरुवात करून ती उभी केली. अशा शाळांविषयी अलीकडे काही सुशिक्षित मंडळी टीका करतात की त्या मुलांना वेगळे पाडतात. टीका करणाऱ्यांनी आधी हे सांगावे की सर्वसामान्य शाळेने यांपैकी किती मुलांना दार उघडले होते. दार बंद होते म्हणून पालकांनी स्वतःच्या घराच्या भिंती पाडून शाळा काढल्या. तथापि एक भेद केला पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाला विशेष शाळेची गरज असू शकते. तीन वर्षांच्या मुलाला गावातल्या पोरांची गरज असते. सहा वर्षांखालील मूल अंगणवाडीतच असावे आणि तज्ज्ञाने त्याच्याकडे यावे. या संस्थांजवळ जे कौशल्य साठले आहे ते दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी पेण-रोह्याच्या अंगणवाड्यांत पोचावे, आणि त्याचा खर्च देणगीदाराने नव्हे, जिल्हा परिषदेने करावा.

यावर इतर पालकांचा आक्षेप ठरलेला असतो : "आमची मुलं त्याचं बघून तसंच करायला लागतील." मुले नक्कल करतात, हे खरे आहे. चार दिवस करतात. मग कंटाळतात आणि त्याच्याशी खेळायचे कसे ते शोधून काढतात. त्याचे बोलणे सेविकेच्या आधी त्यांना कळू लागते आणि "बाई, त्याला शू लागलीय" हे तीच सांगतात. शिकायला उशीर लागतो तो मोठ्यांना. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टीही काही फार मोठ्या नाहीत. पाणी, भाकरी, झोप, शू, खेळ, आई यांची चित्रे चिकटवलेला पुठ्ठा, ज्यावर बोट किंवा नजर ठेवून मूल आपले म्हणणे सांगेल. आधाराची लाकडी खुर्ची, जी गावचा सुतार बनवू शकतो. खिचडी आडवे झोपवून नव्हे तर ताठ बसवून, मान किंचित पुढे ठेवून, लहान घासांनी भरवण्याची पद्धत, कारण असे मूल ठसकले तर अन्न श्वासनलिकेत जाते. आणि प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबणे. ही शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्मिळ आहे.

हे सगळे कायद्याने होईल काय? या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्याने, तो कुलाबा जिल्हा असताना, एकदा दिले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तळ्यावर मात्र कोणी गेले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय यायला १९३७ उजाडले. दोन अन्यायांची तुलना येथे करायची नाही. जातीने केलेला अन्याय माणसाने जाणूनबुजून रचलेला होता, आणि तीन वर्षांच्या मुलाला सत्याग्रह करता येत नाही. पण ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये किती अंतर असते, हे महाडला कळले. सार्वजनिक जागा सार्वजनिक तेव्हाच होते, जेव्हा तिच्या बाहेर ठेवलेला माणूस सर्वांदेखत तिच्यात येतो.

पेण आणि रोह्याच्या गावांत त्यासाठी एक जागा तयार आहे. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायची आहे. ती किती होती, कशावर खर्च झाली, सहा वर्षांखालील किती मुलांना त्यातून काय मिळाले, हे ग्रामसभेत विचारता येते. पुष्कळ ठिकाणी रक्कम लहान निघेल. दोन आधारखुर्च्या आणि सुताराची मजुरी एवढीच. तेवढ्यापासून सुरुवात करावी. अंगणवाडीच्या पायऱ्यांवर उतरण घालायला एक पोते सिमेंट लागते. तज्ज्ञाच्या भेटीचा वार फलकावर लिहायला खडू लागतो.

अडचण एकच सांगितली जाते, आणि ती खरी आहे : ज्या आईने हे विचारायचे तिला ग्रामसभेला येता येत नाही, कारण मुलाला ठेवायचे कोणाकडे? तर तिने त्याला घेऊनच यावे. १ मेच्या ग्रामसभेत तो पुढच्या रांगेत तिच्या मांडीवर बसेल. तो आवाज करील, लाळ गळेल, मध्येच ओरडेल. सरपंचांना क्षणभर थांबावे लागेल. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात आईचे नाव लिहावे, तिचा प्रश्न लिहावा आणि उपस्थितांच्या संख्येत त्यालाही धरावे.